निर्लेखनाच्या शेऱ्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने बंद झाल्यापासून आपल्या दुकानांत दहा-बारा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपांची जी रीघ लागली आहे, तिच्यासंबंधी आलेल्या पत्रांत एकच तक्रार इतक्या वेळा आढळते की या महिन्याची ही जागा सर्वस्वी तिलाच देणे आम्हांस अवश्य वाटले. यंत्र धडधाकट आहे, एसएसडी नवी घातली आहे, लिनक्स निर्वेध बसले आहे. परंतु लॅनच्या तारेवर इंटरनेट येत नाही, आणि सेवादात्याचा माणूस दारातूनच ‘लॅपटॉप जुना आहे, नवा घ्या’ असा शेरा देऊन निघून जातो.

एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकाची कैफियत या बाबतीत प्रातिनिधिक आहे. गिऱ्हाईक सेवानिवृत्त कर्मचारी. लॅपटॉपचे वायफाय केवळ २.४ गिगाहर्ट्झचे व फर्मवेअरवाचून अडलेले, आणि ते फर्मवेअर उतरवून घ्यावयाचे तर प्रथम तारेचाच आश्रय करावा लागणार. ओएनटीपासून लॅपटॉपपर्यंतची केबल निर्दोष होती, पोर्टावरचा दिवा हिरवा लागत होता, १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सवर लिंक स्थिर होती. मात्र पीपीपीओईची हाक अनुत्तरित राहत होती. सेवादात्याने ते खाते गिऱ्हाइकाच्या मोडीत निघालेल्या डेस्कटॉपच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवले असावे, हे आमच्या वाचकाने अनुभवाने ताडले, तो पत्ता जुन्या कार्डावरून उतरवून घेऊन गिऱ्हाइकाच्या संमतीने लॅपटॉपला तात्पुरता लावला, आणि जोडणी तत्काळ मिळाली. यंत्र निरपराध असल्याचा याहून निर्णायक पुरावा कोणता हवा?

परंतु हा पुरावा ज्यांच्यापुढे मांडावयाचा त्यांच्या दफ्तरचा शिरस्ता असा की बाइंडिंग सोडविण्याचा अर्ज केवळ ऑनलाइन घेतला जाईल. ज्याचे इंटरनेट बंद आहे त्यानेच तो इंटरनेटवरून करावयाचा. त्यासाठी लागणारा ओटीपी नोंदणीच्या वेळच्या मोबाइल क्रमांकावर जाणार, आणि तो क्रमांक केव्हाच बंद पडलेला. क्रमांक बदलावयाचा तर त्यासाठीही आधी त्याच खात्यात प्रवेश करावयाचा. नाशिकरोडच्या कचेरीत समक्ष जावे, तर हे काम येथे होत नाही. दूरध्वनी करावा, तर अर्ज ऑनलाइन करा. शेवटी कोणीही घरी न येता ‘ग्राहकाचे उपकरण सदोष’ या शेऱ्यानिशी तक्रार परस्पर निकालात काढण्यात आली. बाइंडिंगची पद्धत मुळात गैर नाही, खात्याच्या चोरट्या वापराला तिने काही आळा बसतो हे आम्ही जाणतो. पण जी गाठ दफ्तरातील लिपिक एका क्षणात सोडवू शकतो तिच्यापायी एका वृद्ध गृहस्थास नव्या लॅपटॉपचा खर्च करावयास सांगणे हा निखालस अन्याय आहे, आणि तो करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी संयम बाळगणे आम्हांस कठीण जाते.

‘जुने’ हे कारण तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. १९९५ च्या फास्ट इथरनेटच्या मानकात ऑटो-निगोशिएशनची जी पद्धत आली तिच्याच पायावर १९९९ चे तांब्याच्या तारेवरील गिगाबिट उभे आहे, आणि म्हणूनच आजचा गिगाबिट पोर्ट पंचवीस वर्षांपूर्वीच्या १०० मेगाबिटच्या कार्डाशी विनातक्रार बोलतो. रिअलटेकची ८१३९ व ८१६८, ब्रॉडकॉमची ४४०१, मार्व्हेलची युकॉन या कुळांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये वर्षानुवर्षे आहेत. क्वचित विंडोजने झोपवलेली रिअलटेकची चिप लिनक्समध्ये जागी होत नाही. तेव्हा चार्जर व बॅटरी काढून यंत्र थोडा वेळ निर्वीज ठेवल्यास बहुधा भागते. पोर्टच मोडला असेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर आहेच.

सेवादात्यांना बोल लावताना आपल्यातील आळशांना मात्र पाठीशी घालता येणार नाही. लिंक पडते-उठते असे दिसताच लॅपटॉपवर ऑटो-निगोशिएशन बंद करून ‘१०० फुल’ सक्तीने लावण्याची खोड आपल्यातील कित्येकांना अद्याप आहे. समोरचा पोर्ट वाटाघाटीच्या प्रतीक्षेत राहून अखेर हाफ डुप्लेक्सवर उतरतो, भार पडताच टकरी सुरू होतात, वेग रसातळाला जातो, आणि दोष पुन्हा जुन्या यंत्राच्या माथी येतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला १, २, ३ व ६ एवढ्याच पिना पुरतात. तेव्हा निळी वा तपकिरी जोडी तुटली असल्यास केबल बदलावी, आणि ती बदलेपर्यंत ऑटो-निगोशिएशन चालू ठेवून केवळ गिगाबिटची जाहिरात थांबवावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते म्हणून लांब पल्ल्यावर ओढणाऱ्यांनी आपल्याच व्यवसायाची अब्रू घालवली आहे. आठही तारा तपासणारा टेस्टर पिशवीत नसताना निदान करावयास जाऊच नये.

याहून गंभीर गोष्ट शाळांची व कचेऱ्यांची. तेथे तंत्रज्ञाने दिलेल्या ‘नेटवर्क चालत नाही’ एवढ्या तोंडी अभिप्रायावर जडसंग्रह नोंदवहीतील लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत जातात आणि ई-कचऱ्यात निघतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांचा रोख वस्तू मोडण्याइतकाच तिच्या पुनर्वापरावरही आहे. ज्या यंत्रावर खेड्यातील मुलाला अर्ज भरता येईल व शेतकऱ्याला सातबारा पाहता येईल, ते बारा रुपयांच्या जॅकपायी भंगारात जाऊ देणे आम्ही अपराध मानतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की आपल्या हातून कोणत्याही यंत्रावर निर्लेखनाचा शेरा जाण्यापूर्वी लिंकचा वेग व डुप्लेक्स, केबलचा निकाल, मॅक पत्ता आणि पीपीपीओईच्या नोंदीतील त्रुटी एवढे तरी जॉब-कार्डावर लिहा व त्याची प्रत गिऱ्हाइकास द्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार-निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीस डॉकेट क्रमांक मिळाला पाहिजे. निर्णय अमान्य असल्यास अपील करता येते आणि त्या अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. काही लहान सेवादाते या विनियमांतून वगळलेले आहेत. त्यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. गिऱ्हाइकाला हे जमत नसेल तर अर्ज तुम्ही लिहून द्या. बाइंडिंग न सोडवता बंद केलेल्या तक्रारींचे डॉकेट क्रमांक व जॉब-कार्डांच्या प्रती, गिऱ्हाइकाचे नाव झाकून, या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून आम्ही प्राधिकरणाकडे निवेदन सादर करणार आहोत.