इंटरफेरॉन कुणाचे? प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाचा?

पेटंटचा विषय निघाला की आपल्यातले बरेच कार्यकर्ते चहाला उठतात. तो कंपन्यांचा, वकिलांचा, फार तर शास्त्रज्ञांचा विषय, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्ञानावर मालकी कुणाची आणि त्यावर प्रश्न विचारायचा अधिकार कुणाला, या दोन गोष्टींवरच तर आपले हजारो वर्षांचे भांडण आहे.

पेगिलेटेड इंटरफेरॉनचे उदाहरण घ्या. विषाणूशी लढताना शरीर स्वतःच इंटरफेरॉन नावाचे प्रथिन तयार करते. ते औषध म्हणून टोचले तर काही तासांत शरीराबाहेर पडते, म्हणून आठवड्यातून तीनदा सुई. त्याला पॉलिएथिलिन ग्लायकॉल जोडले की ते रक्तात टिकते, आठवड्याला एक सुई पुरते. हेपॅटायटिस सी झालेल्याला हे 24 ते 48 आठवडे घ्यावे लागे, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ताप, अंगदुखी, मन खचणे हे सोसायचे, कारण त्या काळी याहून चांगला इलाज नव्हता.

2005 मध्ये कायदा बदलला आणि औषधांवर उत्पादन पेटंट देणे सुरू झाले. 2006 मध्येच रोश कंपनीला या इंटरफेरॉनचे, म्हणजे 'पेगासिस'चे, पेटंट मिळाले. सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत चार लाखांच्या पुढे! हा आजार दूषित रक्तातून, एकच सुई अनेकांना वापरल्याने पसरतो. दवाखान्याचा कचरा उचलताना सुई कुणाच्या हातात घुसते, हे आम्ही सांगायला नको.

'संशोधनाला मोबदला नको का?' असे मेरिटवाले विचारतील. जरूर द्या, पण आधी शोध दाखवा. प्रथिनाला असा रेणू जोडून त्याचा टिकाऊपणा वाढवता येतो, हे आधीपासून ठाऊक होते. मुंबईत सुईने नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने 2007 मध्ये पेटंटला हरकत घेतली. 2009 मध्ये पेटंट कार्यालयाने ती फेटाळली. संस्था अपिलात गेली आणि 2 नोव्हेंबर 2012 रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले.

त्या खटल्यातला एक मुद्दा आपल्या पोरांनी पाठ करावा. ही संस्था कायद्याच्या अर्थाने 'हितसंबंधित व्यक्ती' नाहीच, अशी कंपनीची हरकत होती. औषध बनवत नाही, विकत नाही, मग तुमचा संबंध काय? अधिकारभेदाची हीच जुनी भाषा, फक्त इंग्रजीत टाइप केलेली. ज्याच्या यकृताची वाट लागली, त्याचा औषधाशी संबंध नाही! मंडळाने ती हरकत मानली नाही. रुग्णांसाठी काम करणाऱ्यांचे हितही हितच, हे मान्य झाले. आमच्या मते पेटंट रद्द होण्याइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

विजयाचा फुगा मात्र फुगवू नका. 2006 ते 2012 या सहा वर्षांत ज्यांना औषध परवडले नाही, त्यांना हा निकाल परत आणत नाही. सरकारनेही हेपॅटायटिसच्या मोफत उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो थेट जुलै 2018 मध्ये. तोवर सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्या आल्या होत्या आणि हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन मागे पडले होते.

मग विषय शिळा झाला का? औषध जुने झाले, दरवाजा मात्र आता अरुंद होतोय. ते अपील मंडळच 2021 मध्ये बरखास्त झाले. पेटंट मिळण्याआधी हरकत घ्यायला कायद्याचे 25 वे कलम 'कोणतीही व्यक्ती' म्हणते, आणि त्याला फी नव्हती. 2024 च्या नियमांनी फी लावली, शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे का, हे अधिकारी आधी ठरवणार. म्हणजे उंबरठ्यावरच पुन्हा विचारणार, तू कोण?

महाडचा दावा 1937 पर्यंत चालला, हायकोर्टापर्यंत गेला. तळ्यावरचा सत्याग्रह मोठा आणि कोर्टातली फाइल छोटी, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. दरवर्षी आपली कितीतरी मुले-मुली एलएल.बी. होतात. त्यांतल्या निदान दहा जणांनी हे 25 वे कलम वाचून कामाला लागावे. फीचे आम्ही बघतो. जयंतीच्या मंडपाला वर्गणी निघते, हरकतीच्या अर्जालाही निघेल.