शेतकऱ्याच्या मुलांचें धंदेशिक्षण

विहीर खणण्यासाठीं कर्ज काढतांना आम्ही शेतकरी कचरत नाहीं. लग्नासाठीं तर मुळींच नाहीं. परंतु मुलास किंवा मुलीस एखादा धंदा शिकविण्याची वेळ आली म्हणजे हात आंखडतो, नाहीं तर जमीन गहाण पडते. दोन्ही गोष्टी आम्हांस घातक वाटतात.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तेव्हां मुलांनीं अंगमेहनत केली, शेतकऱ्यांनीं धान्य दिलें आणि पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं दागिने मोडले. आज साधनें त्याहून अधिक आहेत. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांस वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाची सरकारी योजना आहे. १९६१ च्या कायद्यान्वयें कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन मिळतें. बँकेचें शैक्षणिक कर्जही आहे. मात्र तें फेडावयाचें असल्यामुळें त्याचा विचार शेवटीं करावा.

खरी अडचण दोन ठिकाणीं आहे. दाखले वेळेवर न मिळाल्यानें हक्काची मदत बुडते. आणि फी आधीं भरावी लागते, शिष्यवृत्ति मागाहून येते. म्हणून प्रत्येक सोसायटीनें बारावीची परीक्षा संपतांच सभासदांच्या मुलांचे दाखले काढून देण्याचें काम अंगावर घ्यावें, व नफ्याचा कांहीं भाग बाजूस ठेवून पहिल्या फीपुरती बिनव्याजी उचल द्यावी, अशी आमची सूचना आहे. शिष्यवृत्ति हातीं येतांच ती परत करणें हें पालकांचें कर्तव्य होय.

येत्या वार्षिक सभेपुढें हा ठराव कोण मांडणार?