‘कानात आवाज येतात’ या वाक्याविषयी

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. यात्रेची गर्दी ओसरली की वर्धेकाठच्या या गावात रात्री शांतता पसरते, आणि ज्याचे कान सतत वाजतात त्याला नेमकी तीच नकोशी होते. दिवसभर टाळ-मृदंगात बुडालेला सूं-सूं आवाज अंथरुणाला पाठ टेकताच वर येतो.

सुश्रुतसंहितेने कर्णरोगांत याला ‘कर्णनाद’ म्हटले आहे. इतका नेटका शब्द हाताशी असताना आपण ‘कानात आवाज येतात’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वेडाची शंका येते. (माणसांचे बोलणे ऐकू येण्याचा भ्रम वेगळा, कानातली शिट्टी वेगळी.) या दुखण्यातील बरीचशी भीती अशा ढिसाळ बोलण्याने पेरली जाते, असे आम्हांस वाटते.

आणि भीती ही येथे गौण बाब नव्हे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगल्या श्रवणशक्तीच्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवले, तेव्हा ९४ टक्क्यांना कसला ना कसला नाद ऐकू आला. म्हणजे नाद ऐकू येणे निराळे आणि त्याने झोप उडणे निराळे. पावेल जास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडले ते असे, की मेंदूने नादाला धोक्याची खूण मानले की लक्ष तेथेच खिळते. चिंता वाढते, आणि चिंतेने नाद अधिकच जाणवतो.

हे चक्र मानसोपचाराने सैल होते. २८ अभ्यासांच्या २०२० मधील कॉक्रेन आढाव्यानुसार बोधात्मक वर्तनोपचाराने कर्णनादाचा जाच कमी होऊ शकतो. नाद मात्र थांबतोच असे नाही. आधी कानाच्या डॉक्टरांची तपासणी हवीच. नाद एकाच कानात असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर विनाविलंब. पण तपासणीनंतर ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणून रुग्णाची बोळवण करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मन गुंतले आहे म्हणूनच तर उपचार आहे!

हा उपचार वाक्यांवर चालतो. ‘आता मला कधीच झोप लागणार नाही’ हे वाक्य तपासायचे, तर ते रुग्णाच्या बोलीत उच्चारले गेले पाहिजे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्याचे मोल येथे कळते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हेही थोडे नव्हे. मात्र ‘रातभर कान वाजते, जी’ एवढेच सांगून गप्प होणाऱ्या वऱ्हाडी माणसाला पुढचे विचारणारा समुपदेशक तालुक्याच्या गावी बसलेला आम्हांस पाहायचा आहे.