विहीर आणि ग्रंथालय

चैत्र संपून वैशाख लागला, विहिरींचे तळ दिसू लागले आणि गावात टँकर येऊ लागला, की पाण्यावर बोलणाऱ्यांना तोटा राहत नाही. पारावर, एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानाच्या फळीवर एकच विषय चाललेला असतो. कोणी म्हणतो, पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही. कोणी म्हणतो, सारा दोष उसाचा. दुसरा म्हणतो, धरणाचे पाणी कारखान्यांनी पळवले. तिसरा सरकारवर ठपका ठेवून मोकळा होतो. यांपैकी काही खरे असेल, काही अर्धे खरे असेल, काही निव्वळ ऐकीव असेल. परंतु कोणते खरे व कोणते ऐकीव, हे पारावर बसून ठरत नाही. ते ठरविण्याची एक जागा गावापासून फार दूर नसते, आणि तिच्याकडे जाणारे मात्र थोडे असतात. ती जागा म्हणजे ग्रंथालय.

ग्रंथालयात गोष्टी, कादंबऱ्या आणि चरित्रे असतात, एवढीच पुष्कळांची समजूत असते. कादंबरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिची गोडी ज्याला लागली नाही त्याचे दुर्दैवच म्हणावयाचे. परंतु त्याच इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यातील कपाटात जाडजूड, कंटाळवाण्या दिसणाऱ्या बांधणीचे ग्रंथ असतात: जनगणनेच्या पुस्तिका, जिल्ह्याचे गॅझेटियर, आयोगांचे अहवाल, कायद्यांच्या प्रती. त्यांच्यावर धूळ असते, कारण ते मागणारा वाचक वर्षात एखादाच येतो. गावाच्या पाण्याची कितीतरी हकीकत याच ग्रंथांत आहे. लहान वाचनालयात ते सारेच मिळतील असे नाही. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय ग्रंथालय असते, आणि तेथील ग्रंथपालाला विचारण्यास कोणी संकोच करू नये. वाचकाचा वेळ वाचवावा, हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी एक आहे. विचारणाऱ्या मुलाला मदत करणे हे ग्रंथपालाचे काम आहे. ते उपकार नव्हेत.

पाण्यावरची पुस्तके शोधू लागले म्हणजे प्रथम थोडी पंचाईत होते. ज्या ग्रंथालयांत ड्युई यांची दशांश पद्धत वापरतात, तेथे पाण्याच्या साठ्यांचा व त्यांच्या वापराचा विचार ३३३.९१ या क्रमांकाखाली सापडतो; पाणीपुरवठ्याचे व सांडपाण्याचे तंत्र ६२८ मध्ये असते; शेतीचे पाणी ६३० च्या आसपास, कायदे ३४० च्या घरात, आणि दुष्काळाचा इतिहास थेट ९५४ पाशी, भारताच्या इतिहासात. एका विषयासाठी इतक्या कपाटांपुढे उभे राहावे लागते. पाणी हा एकट्या अभियंत्याचा, एकट्या शेतकऱ्याचा किंवा एकट्या वकिलाचा विषय नसल्यामुळे हे असे होते. ज्याने एकच कपाट पाहिले, त्याला पाण्याची एकच बाजू दिसते. आणि मोठ्या माणसांची पाण्यावरची भांडणे पाहिली, तर त्यांतील पुष्कळशी एकेकच कपाट पाहिलेल्यांची असतात.

आरंभ जिल्हा जनगणना पुस्तिकेपासून करावा. तीत जिल्ह्यातील प्रत्येक खेड्यासाठी एक ओळ असते. त्या ओळीत गावाचे क्षेत्रफळ, लोकसंख्या, किती जमीन ओलिताखाली आहे, आणि पिण्याचे पाणी कोठून मिळते, हे नोंदलेले असते. १९६१ ची पुस्तिका व २०११ ची पुस्तिका शेजारी शेजारी ठेवावी आणि आपल्या गावाची ओळ दोन्हींत काढावी. पन्नास वर्षांत माणसे किती वाढली, ओलित किती वाढले, विहिरीच्या जोडीला नळ, हातपंप व कूपनलिका केव्हा आल्या, हे सारे दोन ओळींत उभे राहते. जे गाव विद्यार्थ्याने आजवर केवळ पायांनी पाहिले, ते त्याला आकड्यांत दिसू लागते.

या आकड्यांवरून साधे गणितही करता येते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी पडते. एखाद्या गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि तेथे वर्षाला अवघा ४०० मिलिमीटर पाऊस होतो, असे धरू. हा पाऊस अवर्षणग्रस्त तालुक्यातला झाला. तरी त्या गावावर वर्षात ४०० कोटी लिटर पाणी पडले. आता गावात १,००० माणसे असली आणि जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर पाणी लागले, तर वर्षाला दोन कोटी लिटरांहून किंचित अधिक पाणी पुरते. पडले ४०० कोटी, लागले दोन कोटी. आणि तरीही मे महिन्यात टँकरपुढे हंड्यांची रांग! बाकीचे पाणी गेले कोठे? काही बाष्प होऊन उडाले, काही ओढ्याने वाहून गेले, काही जमिनीत मुरले, पुष्कळसे पिकांनी घेतले. कोणी किती घेतले, हा खरा प्रश्न आहे. ‘पाऊसच नाही’ असे म्हणून ज्याने विषय संपविला, त्याच्या मनात हा प्रश्न उठतच नाही.

आता जुन्या कपाटाकडे वळू. मुंबई इलाख्याच्या सरकारने जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली जिल्ह्याजिल्ह्यांचे गॅझेटियर तयार करविले. त्यांपैकी अहमदनगर जिल्ह्याचा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. (या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे आहे.) नद्या, माती, पिके, विहिरी, दुष्काळाची वर्षे, बाजारपेठा, सारे त्यात ओळीने मांडलेले आहे. ग्रंथ इंग्रजीत आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याने तो शिक्षकांच्या मदतीने पाहावा. त्याची मेहनत थक्क करणारी आहे, यात शंका नाही. परंतु तो कोणी व कशासाठी लिहिला, हेही विसरून चालणार नाही. राज्य करणाऱ्यांना जिल्हा समजावा, सारा नीट वसूल व्हावा, कारभार सुकर व्हावा, म्हणून तो लिहिला गेला. मैलभर चालून डोक्यावर हंडा आणणाऱ्या बाईचा दिवस कसा गेला, हे त्याच्या कोष्टकांना ठाऊक नाही.

म्हणून त्याच्याच शेजारी त्याच काळातले दुसरे एक पुस्तक ठेवावे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. म्हणजे दोन्ही ग्रंथ जवळजवळ एकाच वेळचे. दोहोंच्याही मागे १८७६ ते १८७८ या वर्षांतील भयंकर दुष्काळाची सावली आहे. परंतु एक कचेरीच्या खिडकीतून पाहतो, तर दुसरा शेताच्या बांधावर उभा आहे. जोतीरावांनी शेतकऱ्याची हलाखी सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता उपायही सुचविले. डोंगरदऱ्यांतून ताली व बंधारे असे घालावे, की पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत पुढे जावे आणि मातीचे सत्त्व वाहून जाऊ नये. हे काम सरकारने आपल्या शिपायांकडून करवून घ्यावे. जमिनीत पाणी कोठे लागेल याची पाणाड्यांकडून परीक्षा करवून त्या जागा नकाशांत दाखवाव्या. पाणलोट विकास हा शब्द आज सरकारी कागदांत सर्वत्र आढळतो. त्यातील मुख्य विचार सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी मराठीत छापण्याजोगा लिहून ठेवलेला होता, हे ज्याने दोन्ही पुस्तके एका मेजावर ठेवली त्यालाच ध्यानात येईल. सरकारी ग्रंथ खोटा आणि जोतीरावांचा तेवढा खरा, असा मात्र निवाडा करू नये. आकडा गॅझेटियरमध्ये मिळतो, त्या आकड्याचा अर्थ ‘असूडा’त मिळतो, दोहोंपैकी एकावाचून दुसरा अपुराच.

याच जिल्ह्यातले आणखी एक पुस्तक आहे. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना बारमाही पाण्याचा आधार मिळाला. कालव्याने नेमके काय बदलले, याची पाहणी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी केली. गोदावरी व प्रवरा कालव्यांखालील प्रदेशाचा त्यांचा अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केला. कालवा चांगला की वाईट, एवढेच विचारून ते थांबले नाहीत. पाणी मिळालेली शेती व न मिळालेली शेती यांची तुलना त्यांनी केली. पाण्यावरचे मत कसे बनवावे, याचा तो धडाच आहे.

आता धोरणाकडे यावे. धोरण हा शब्द जड वाटतो. त्याचा सरळ अर्थ असा, की पाणी थोडे आणि मागणारे फार, तेव्हा आधी कोणाला द्यावयाचे याचा लेखी क्रम. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत असा क्रम दिला होता: प्रथम पिण्याचे पाणी, मग शेती, मग जलविद्युत, मग नौकानयन, आणि त्यानंतर उद्योग व इतर. या यादीत नदीसाठी स्वतःसाठी असे पाणी कोठेच नाही. मासे, काठची झाडे, वाहता प्रवाह यांना रांगेत उभेच केलेले नव्हते. २००२ ची राष्ट्रीय जलनीती उघडून पाहावी. तेथे चौथ्या स्थानावर परिसृष्टी, म्हणजे निसर्गाचे आपले पाणी, येऊन उभी राहिली आहे. पंधरा वर्षांत एक शब्द यादीत आला. त्यामागे किती जणांचे बोलणे, लिहिणे व झगडणे होते, हे त्या शब्दाकडे पाहून कळणार नाही. पण तो आला, हे दोन कागद जुळवून पाहणाऱ्याला कळते.

महाराष्ट्राच्या कागदांत तर याहून बोलका फरक आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या व घरगुती पाण्यानंतर दुसरे स्थान उद्योगांना दिले होते आणि शेती त्यांच्या मागे तिसरी होती. २०११ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने हा क्रम फिरविला. शेती दुसरी आली, उद्योग तिसरे गेले. छापील यादीत दोन ओळींची अदलाबदल, एवढाच हा प्रकार दिसतो. परंतु धरण अर्धे रिकामे असेल त्या वर्षी कोणाचा पाट आधी बंद करावयाचा, याचे उत्तर त्या दोन ओळींत दडलेले असते. कारखान्यात काम करणाऱ्याचे घरही पाण्यावरच चालते, आणि शेतकऱ्याचेही. तेव्हा कोणता क्रम न्यायाचा, यावर दोन मते असू शकतात. पण क्रम काय होता व काय झाला, यावर दोन मते असण्याचे कारण नाही. ते कागदावर आहे. पारावर मात्र लोक त्याच गोष्टीवर तासन् तास वाद घालतात, जी एका पानावर वाचून मिटली असती.

कागद वाचताना त्याचे वय पाहावे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा नियम महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यात होता. एखाद्याने तेवढा वाचून ग्रामसभेत भाषण केले, तर त्याची फजिती होण्याचा संभव आहे. कारण पुढे २००९ चा भूजल अधिनियम झाला व तो २०१४ पासून लागू झाला. जुन्या कायद्याच्या जागी नवा आला, की नव्यात काय राहिले व काय बदलले, हे पुन्हा वाचावे लागते.

आता कोणी म्हणेल, हे सारे हल्ली हातातल्या फोनवर मिळते, मग ग्रंथालयाची पायरी कशाला झिजवावी? यातील पुष्कळ कागद संगणकावर मिळतात, हे खरे आहे आणि ते चांगलेच आहे. परंतु फोन मागितले तेवढेच देतो. कपाटापुढे उभा राहिलेला मुलगा एक पुस्तक काढावयास जातो आणि शेजारचे दुसरे त्याच्या हाती लागते. शिवाय १९६१ ची पुस्तिका आणि २०११ ची पुस्तिका उघडून एका मेजावर पसरण्याचे सुख वीतभर पडद्यावर कोठले? दुसरे कोणी विचारील, की बारा वर्षांच्या मुलांनी जलनीती वाचून करावयाचे काय? याचे उत्तर सोपे आहे. हंडा भरावयास त्यांनाच पाठवितात. तेव्हा त्यांचे वय कोणी विचारीत नाही.

अर्थात केवळ कागदावर विसंबूनही भागत नाही. पुस्तिकेत ‘नळ’ असे लिहिलेले असते आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असते. म्हणून ग्रंथालयातून उतरून घेतलेली ओळ घेऊन विद्यार्थ्यांनी पुन्हा विहिरीपाशी यावे, दोर सोडून पाण्याची खोली मोजावी आणि ती तारखेसह वहीत मांडावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी हेच मोठ्या प्रमाणावर करते. तेथे गावातच पाऊस मोजतात, किती पाणी हाती आहे याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास तेथे मनाई आहे. पर्जन्यमापक ही काही फार किमती वस्तू नव्हे. सरळ उभ्या भिंतींचे एक भांडे, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक पट्टी आणि रोज सकाळी त्याच वेळी येऊन आकडा लिहिणारा एक मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर कोणत्याही शाळेला पावसाची वही सुरू करता येईल. दहा पावसाळे भरले, की ती वही बांधून घ्यावी आणि गावच्या वाचनालयात गॅझेटियरच्या शेजारी ठेवावी.