एकसर येथील वीरगळांच्या संरक्षणाबाबत निवेदन

माननीय अधिकारी महोदय यांचे सेवेशी,

सविनय निवेदन की, बोरिवली पश्चिमेकडील एकसर गावच्या वीरगळांविषयी आम्ही वारंवार अर्ज गुदरले. त्यांवर आपल्या दप्तराचे शिक्के उमटले, काम मात्र झाले नाही.

शिलाहार सोमेश्वर व देवगिरीचा यादव महादेव यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी संग्रामाची ही स्मारके असावीत, असे अभ्यासक मानतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात या शिळांचे सविस्तर वर्णन आहे. वीरगळाच्या वरच्या पट्ट्यांत वीराचे स्वर्गारोहण व शिवलिंगपूजन असते. युद्ध कोरलेले असते ते तळाशी. येथील एका शिळेच्या तळपट्टीत उंच नाळीची, डोलकाठ्यांची, धनुर्धरांनी भरलेली गलबते वल्ह्यांच्या रांगांसह रणात निघाली आहेत, आणि नेमक्या त्याच पट्टीवर सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटचा कोबा चढविण्यात आला. वल्ह्यांची पाती त्यात गडप झाली आहेत. कोबा पावसाची ओल धरून ठेवतो, ती दगडात चढते, क्षार बाहेर पडून पापुद्रे सुटतात. धनुर्धरांच्या ओळीवरून बोट फिरविले असता भुकटी हाती येते. 'पावसाळ्यापूर्वी कोबा काढू' असे आपल्या प्रतिनिधींनी पाहणीच्या वेळी सर्वांसमक्ष सांगितले होते. तो पावसाळा गेला, त्यापुढचाही गेला. नंतर तज्ज्ञ पाठवीत असल्याचे लेखी उत्तर आले. तज्ज्ञ आजतागायत आलेले नाहीत, उलट मधल्या काळात रंगाऱ्याकरवी शिळांवर तैलरंगाचा आणखी एक हात देण्यात आला. पूजेस आमची हरकत नाही. गावाने देव मानले म्हणूनच या शिळा इतकी शतके टिकल्या. हरकत आहे ती सिमेंटला आणि तैलरंगाला.

सबब, जतनशास्त्र जाणणाऱ्या इसमाच्या देखरेखीखाली, यंत्र न लावता, कोबा हाताने उतरवावा, तळपट्टी मोकळी करून पाण्यास उतार द्यावा, आणि ते होईतो शिळांलगत कोणतेही बांधकाम होऊ देऊ नये. तैलरंगही त्याच इसमाच्या सल्ल्याने काढावा. माहितीफलक व रात्रीचा दिवा यांचीही तजवीज व्हावी.

तोंडी आश्वासनावर आता आमची भिस्त नाही. काम कोणत्या तारखेस सुरू होणार व ते कोणाच्या जबाबदारीवर, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे.

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ, एकसर