सायकलीवरून म्हैसमाळ, पण एकेक पायरीने



शाळांना सुट्ट्या लागल्या. पापड-कुरडयांची घाई उरकत आली, लोणच्याच्या कैऱ्यांना अजून अवकाश आहे आणि मुलं आठ-आठ वाजेपर्यंत लोळताहेत. म्हणजे वर्षभर आपल्या वाट्याला न येणारी एक वस्तू या दिवसांत हाती लागते, ती म्हणजे सकाळचे दोन तास! डबे नाहीत, दप्तरं नाहीत, दारात रिक्षावाल्याचा भोंगा नाही. हे दोन तास आपण बहुधा माळे झाडण्यात आणि गाद्या उन्हात टाकण्यात घालवतो. यंदा त्यातले थोडे सायकलीला द्या, हे सांगायला आजचं पान.

हसू नका बरं! सिडकोतल्या एका वाचक भगिनींनी पत्रातून हा विषय काढला आहे. त्यांची मुलगी कॉलेजात गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली आहे. बाईंना लहानपणी सायकल येत होती, आता पुन्हा चालवावीशी वाटते. "पण या वयात जायचं तरी कुठे, आणि लोक काय म्हणतील?" असं त्या विचारतात. लोकांचं नंतर बघू. कुठे जायचं, याचं उत्तर आधी देते, कारण आपल्या संभाजीनगरच्या आसपास जागांना तोटा नाही. तळी आहेत, टेकड्या आहेत आणि साधारण चाळीस किलोमीटरांवर म्हैसमाळसारखं उंचावरचं ठिकाण आहे.

प्रथम वेळेचं गणित. फिनलंडच्या अगदी उत्तरेला उन्हाळ्यात कित्येक दिवस सूर्य मावळतच नाही. हिवाळ्यात जिथे बर्फावरून घसरण्याचे खेळ चालतात, त्याच डोंगरांत आणि तळ्यांकाठी लोक तेव्हा रात्री दहालासुद्धा सायकली फिरवतात. आपला उन्हाळा काही इतका लाडाचा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेआठला चटका लागायला लागतो. तेव्हा उजाडता उजाडता निघायचं आणि आठच्या आत घरी, हा नियम. कणीक रात्रीच मळून ठेवावी, भाजी निवडून ठेवावी. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्या दिवशी सायकलीला सुट्टी!

आता जिन्याखालची सायकल बाहेर काढा. आधी ती दुकानात नेऊन ट्यूब, टायर आणि ब्रेकची रबरं तपासून घ्या, चेनला तेल घाला. वर्षभर पडून राहिलेल्या सायकलीची रबरं कडक झालेली असतात, ती बदलायला फार खर्च येत नाही. सीटची उंची मात्र स्वतः बघा. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मुलीच्या उंचीची सीट तशीच ठेवून आई चालवते आणि मग म्हणते, गुडघे दुखतात! सलवार-कमीज किंवा पँट घालावी, ओढणी कमरेला गाठ मारून बांधावी, मंगळसूत्र आत घ्यावं. साडी नेसून गल्लीत सायकल चालवता येते, घाटात मात्र साडी नको. डोक्याला हेल्मेट हवंच.

पहिला आठवडा घराजवळचं मैदान किंवा कॉलनीतले रस्ते पुरेत. सायकल एकदा आली की विसरत नाही, हे खरं. पण मांड्यांना ते आठवायला चार दिवस लागतात. हात दाखवून वळणं, मागे बघून पुन्हा सरळ जाणं आणि दोन्ही ब्रेक एकदम, हलके दाबणं, एवढं जमलं की मोठ्या रस्त्यावर या.

पहिली पायरी तळ्यांची. दिल्ली दरवाजासमोरचं सलीम अली सरोवर हे शहरातलंच तळं. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींचं नाव त्याला दिलेलं आहे आणि पहाटे काठाच्या झाडीत पाखरांचा नुसता कलकलाट असतो. शेजारी हिमायत बाग आहे. तिथून जळगाव रस्त्याने सरळ गेलं की हरसिद्धी मातेचं हर्सूल आणि पुढे हर्सूल तलाव. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, पण सकाळचा वारा असतो. येऊन-जाऊन दहा-बारा किलोमीटर होतात. रस्ता सपाट, म्हणून सुरुवातीला हाच बरा.

दुसरी पायरी छोट्या चढाची. बेगमपुऱ्यातून बीबी का मकबऱ्यावरून औरंगाबाद लेण्यांकडे जावं. मकबऱ्यापासून लेणी दोनेक किलोमीटरच आहेत, पण शेवटचा रस्ता चांगला चढाचा आहे. दम लागला तर उतरून सायकल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. वर पोचून मागे वळलं की पांढरा मकबरा आणि त्यापलीकडे पसरलेलं शहर दिसतं. ही बौद्ध लेणी. त्यातली बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळला नेतो आणि ही घराजवळची राहून जातात.

तिसरी पायरी दौलताबादची. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा करत देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी पोचायला पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. ज्या किल्ल्यात यादवांची राजधानी होती आणि १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी जिथे आणली, त्याच्या दाराशी सायकल उभी करून धपाटे आणि दही खायचं, यासारखं सुख नाही! या रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या फार. म्हणून रविवार टाळा, आठवड्यातला मधला दिवस धरा आणि दोघी-तिघी मिळून एकामागे एक चला. गप्पा किल्ल्यावर मारायच्या, रस्त्यात नाहीत.

चौथी पायरी घाटाची आणि म्हैसमाळची. दौलताबादहून पुढे हातकागदासाठी नावाजलेलं कागजीपुरा लागतं, तिथून घाट चढून खुलदाबाद. या घाटातही एक दिल्ली दरवाजा आहे. तो अरुंद आहे. समोरून मोठी गाडी येत असली तर आपण थांबायचं. खुलदाबादपासून म्हैसमाळ बाराएक किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर, म्हणजे आपल्या शहराहून जवळपास पाचशे मीटर जास्त. हवा दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी थंड होते, तेव्हा वर तीनेक अंशांचा फरक पडणार. महाबळेश्वरचा गारवा इथे शोधू नका. मे महिन्यात डोंगर पिवळे पडलेले असतात. पण गिरिजामातेचं दर्शन घेऊन कड्यावर उभं राहिलं की खालून येणारा वारा सगळा शीण घालवतो.

घरापासून म्हैसमाळ आणि परत, हे एका दिवसात उन्हाळ्यात करू नये. ओळखीचा टेम्पो ठरवून सायकली खुलदाबादपर्यंत न्याव्यात आणि चढाई तिथून करावी. किंवा म्हैसमाळला मुक्कामाची आधी चौकशी करून घरच्यांना गाडीने बोलवावं. मुलांची सहलही होते. चढ झेपणार नसेल तर खुलदाबादजवळच सुलीभंजन आहे. एकनाथ महाराजांनी जिथे तप केलं असं सांगतात, ते दत्ताचं ठिकाण. जवळच 'परियों का तालाब' आहे.

उतरताना मात्र सावध. चढाने माणूस दमतो, उताराने पडतो. ब्रेक सतत दाबून धरला तर रबर तापून धरेनासं होतं. म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वाढल्यावर दाबण्यापेक्षा वाढायच्या आधी दाबावा. नुसता पुढचा ब्रेक जोरात कधीही दाबू नये.

पैठणच्या नाथसागराबद्दलही एका भगिनींनी विचारलं आहे. जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं, आपल्या शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं, आणि हिवाळ्यात पाखरं बघायला ती जागा फार सुरेख. पण अंतर पन्नास किलोमीटर आणि रस्त्यावर वाहतूक मोठी. ते दिवाळीनंतरसाठी ठेवू या.

आता उन्हाचं. निघण्यापूर्वी पाणी प्या आणि तासाला निदान अर्धा लिटर तरी पोटात जाऊ द्या. तहान लागायची वाट बघू नका. बरोबर कैरीचं पन्हं किंवा ताक घ्या. तेही नको असेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालून न्या. पोटाला धपाटे किंवा गूळ-शेंगदाणे. चक्कर आली, मळमळलं, उन्हात असूनही अंगावर काटा आला की ताबडतोब सावलीत बसा, मान आणि मनगटं ओली करा, घरी फोन लावा. घाम येणंच थांबलं किंवा बोलणं असंबद्ध होऊ लागलं तर तो उष्माघात असू शकतो. मग अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि आता लोकांचं.

माझ्या सासूबाई अंगात बळ होतं तोवर हनुमान जयंतीला रात्रभर चालत खुलदाबादच्या भद्रा मारुतीला जात. तुमच्याही घरातलं कुणी जात असेल. त्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी हा रस्ता माणसांनी फुललेला असतो. त्यात बायका किती असतात! कुणाच्या पायात चप्पल नसते, कुणाच्या कडेवर मूल असतं. पंचवीसेक किलोमीटर, तोच रस्ता, तोच घाट. मी सायकल काढली तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही तर हा रस्ता रात्रीचा पायी चाललात, तेव्हा कुणी काही म्हणालं?" त्या म्हणाल्या, "अगं, ते देवाचं होतं."

मला वाटतं, सगळी अडचण या एका वाक्यात आहे. बाईला एवढं चालवत नाही, घाट झेपत नाही, असं कुणालाच वाटत नाही. झेपतं, हे घरोघरी ठाऊक आहे. नवसासाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी ती पंचवीस किलोमीटर चालली तर तिचं कौतुक होतं. त्याच रस्त्याने ती केवळ स्वतःला बरं वाटावं म्हणून निघाली की लगेच प्रश्न सुरू होतात. आणि खरं सांगू? पहिला प्रश्न आपणच आपल्याला विचारतो. सासूबाईंनी पुढे वाद घातला नाही. मुलांचं सकाळचं दूध त्या बघतात. पण मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं होतं, "मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते साडेसात मी घरात नसेन." आडून आडून विचारलं असतं तर दर वेळी काही ना काही काम निघालंच असतं.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम सुरू झाली आणि तिच्यातच बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. शेतमजुरी करणाऱ्या, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या हजारो बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या, आणि मूल दांड्यावर बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या, असंही काहींनी ठरवलं. टवाळी त्यांचीही झाली. पण बसची वाट न बघता पाण्याला, बाजाराला, कामाला जाता येऊ लागलं, तेव्हा तोंडं बंद झाली. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने तर २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याला पृथ्वी नको, हर्सूलपर्यंत गेलं तरी चालेल!

तेव्हा सिडकोच्या बाईंना आणि तुम्हा सगळ्यांना सांगणं एवढंच. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून टाका आणि घरात सांगून ठेवा. एकटीला अवघड वाटलं तर शेजारणीला बरोबर घ्या. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, तोवर तीन पायऱ्या सहज होतील. चौथी राहिली तरी बिघडलं नाही. पहिल्या पावसानंतर म्हैसमाळ हिरवंगार होतं, तेव्हा चढायला आणखी मजा. रस्ता ओला असेल, म्हणून ब्रेकची रबरं तेवढी पुन्हा बघून घ्या.

कुठवर गेलात, ते कळवाल ना?