आखाजी नसलेलं साल

"दुसरी कंपनी बोलावतेय म्हणे त्याला. पण भो, व्हिसा पहिलीने दिला ना? मग पाच वर्षं दातओठ आवळून काढायची. मधेच सोडली की विमानात बसवून परत पाठवतात."

भुसावळच्या रेल्वे ग्राउंडवर संध्याकाळच्या फेऱ्या संपल्या की निवृत्त मंडळी बाकावर टेकतात आणि हा निकाल जाहीर होतो. कुणाचा मुलगा इंग्लंडात केअर होममध्ये, कुणाची सून न्यू जर्सीत संगणकावर, कुणाचा पुतण्या दोह्यात वेल्डर. निकाल देणारे गार्ड, लोको पायलट, डीआरएम ऑफिसातले हेडक्लार्क. बोलतात ते काळजीपोटीच. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण हाच सल्ला रात्री व्हिडिओ कॉलवर पोरांच्या कानात जातो आणि पोरं मुकाट राबत राहतात, म्हणून तो खोडून काढणं मला भाग वाटतं.

सगळ्यात आधी कायद्याची बाजू, कारण तिथे ही मंडळी सरळसरळ चुकतात. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर मालक बदलता येतो. त्यासाठी जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. लागतं ते नव्या मालकाचं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' आणि नवा अर्ज. हा नवा मालक सरकारच्या परवानाधारकांच्या यादीत असला पाहिजे आणि पगार ठरलेल्या किमान रकमेखाली नको. अर्जाचा निकाल येईपर्यंत जुनी नोकरी चालू ठेवता येते; नवी मात्र निकालाआधी सुरू करायची नाही. अमेरिकेत तर याहून पुढची सोय आहे. ऑक्टोबर २०००मध्ये झालेल्या कायद्याने एच-वन-बी व्हिसाधारकाला मुभा दिली की नव्या कंपनीने अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न बघता तिथे कामाला लागता येतं. पंचवीस वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून विमानात बसवून परत पाठवण्याच्या गोष्टी करतो.

दुसरी भीती जास्त खोल आहे, आणि ती रेल्वेवाल्यांनाच वाटावी हे मला अगदी समजतं. 'मधेच सोडली तर सगळं शून्यापासून.' रेल्वेत स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या डिव्हिजनला बदली घेतली की माणूस सिनियॉरिटीच्या तळाला जातो. आईवडिलांजवळ राहायला मिळावं म्हणून बॉटम सिनियॉरिटी पत्करून भुसावळला आलेली आणि मग कालच्या पोरांच्या हाताखाली निवृत्त झालेली माणसं त्या बाकावर आहेत. त्यांना वाटतं, साहेबाच्या देशातही असंच असणार. तसं नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याच्या हक्कासाठी लागणारी वर्षं मालक बदलल्याने पुसली जात नाहीत. जुन्याकडची तीन आणि नव्याकडची दोन मिळून पाचच होतात. (मे २०२५च्या श्वेतपत्रिकेने ही पाच वर्षं सर्वसाधारणपणे दहा करण्याचा इरादा जाहीर केला, ती चिंता वेगळी.) अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीय माणूस वर्षानुवर्षं ताटकळतो. तिथेही पहिल्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेली आय-१४० याचिका मंजूर होऊन १८० दिवस उलटले, की पुढे त्या कंपनीने हात काढून घेतला तरी रांगेतली तारीख सुटत नाही. नव्या कंपनीला कागदांचं रामायण पुन्हा करावं लागतं, पण जागा जुनीच.

आता मिठाचा मुद्दा. 'ज्याने व्हिसा दिला त्याच्या मिठाला जागावं.' एक तर व्हिसा मालक देत नाही, सरकार देतं. मालक फक्त सांगतो की याला काम आहे माझ्याकडे. दुसरं, हे मीठ फुकटचं नसतं. बारा-बारा तास म्हाताऱ्यांची अंगं पुसून, त्यांना उचलून-बसवून ते कमावलेलं असतं. आणि तिसरं जरा बोचेल, पण बोलतोच. मे १९७४मध्ये याच रेल्वेत देशभर संप झाला, वीस दिवस. त्या वेळी क्वार्टरांमधून पोलीस माणसं उचलून नेत होते आणि बायका चूल कशी पेटवायची या विवंचनेत होत्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की रेल्वेचं मीठ खाल्लं, संप कसला करता. उलट संपातले दिवस आजही छाती पुढे काढून सांगितले जातात. मग पोराने साधी नोटीस देऊन दुसरीकडे जाणं हे नमकहरामी कसं?

मालकाने खर्च केला, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. माणूस परदेशातून आणायला कंपनीचे खरोखर पैसे जातात. पण ते पैसे कुणाचे, हे दोन्ही देशांच्या कायद्यांनी ठरवून टाकलं आहे. एच-वन-बी याचिकेचा खर्च अमेरिकेत कंपनीनेच सोसायचा, तो कामगाराच्या पगारातून वळता करता येत नाही. ब्रिटनमध्ये 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४पासून स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटची फीसुद्धा. सरकारांना कळतं की हा खर्च कामगाराच्या डोक्यावर गेला की त्याचीच बेडी होते.

इथे माझ्या बाजूच्या उत्साही लोकांनाही आवरायला हवं. मधेच नोकरी सोडली तर पैसे भरायचा बॉण्ड म्हणजे गुलामी, असं सरसकट म्हणून चालणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये विजया बँकेच्या खटल्यात उलटा निकाल दिला. तीन वर्षांच्या आत बँक सोडली तर दोन लाख भरायचे, ही अट न्यायालयाने वैध ठरवली. करार कायद्याच्या २७व्या कलमाचा त्याने भंग होत नाही, असं सांगितलं. मला तो निकाल पटतो. पण त्यात काय आहे ते नीट बघा. दोन लाख भरा आणि जा. दार उघडं आहे, उंबऱ्यावर किंमत लिहिलेली आहे. तो अधिकारी पैसे भरून दुसऱ्या बँकेत गेला, कुणी त्याला देशाबाहेर काढलं नाही. बॉण्ड हा पैशाचा हिशेब. स्पॉन्सरशिपच्या नावाने जी धमकी दिली जाते, ती माणसाच्या तिथे असण्यालाच दिलेली असते.

'पण सही त्यानेच केली होती ना?' केली होती. सह्यांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. गिरमिट म्हणून ज्याला ओळखतात तो परदेशातल्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांचा करारही पाच वर्षांचाच असे, आणि त्याच्यावरही मजुराने अंगठा उठवलेला असे. त्या पाच वर्षांत मळा सोडणं हा फौजदारी गुन्हा होता. आपले गोपाळ कृष्ण गोखले ४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ही पद्धत संपूर्ण बंद करण्याचा ठराव घेऊन उभे राहिले, तेव्हा सरकारी बाजूचं उत्तर काय होतं? मजूर राजीखुशीने जातात. ठराव सरकारी मतांनी पडला. आणि परदेशाचंच कशाला, १८५९चा 'वर्कमन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट' कायदा इथल्या इथे, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर-मजुराला तुरुंगात टाकत होता. तो रद्द व्हायला १९२५ उजाडलं. आजचा व्हिसा म्हणजे गिरमिट नव्हे. आजच्या पोराला घरी परतता येतं, त्याला कुणी फटके मारत नाही. पण सही केली म्हणून सगळं न्याय्य, हे वाक्य तेच आहे, शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

खानदेशी माणसाला याहून जवळचा दाखला आहे. सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल भरतं आणि नवं साल ठरतं. वर्षभर तो एकाच शेतमालकाचा. पहाटे बैलांपासून रात्री पाण्याच्या पाळीपर्यंत. उचल घेतलेली, दाणे ठरलेले. सालदारकीत अन्याय नव्हता असं कोण म्हणेल? उचल फिटली नाही म्हणून त्याच वाड्यावर पुढचं साल, मग त्याच्या पुढचं, असं आयुष्य गेलेली माणसं आपल्या आजोबांनी पाहिली. तरीही त्या व्यवस्थेत एक आखाजी होती. त्या दिवशी सालदार दुसऱ्या पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसू शकत असे. चांगला गडी हातचा जाईल, या धास्तीने चैत्रातच मालकाची जीभ गोड व्हायची, दोन पोती वाढायची, पोरीच्या लग्नाला हात ढिला व्हायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. जाता येतं, या एका गोष्टीमुळे मालक माणसासारखा वागतो. स्पॉन्सरच्या नावाला बांधलेला व्हिसा ही आखाजी काढून घेतो, किंवा कागदावर ठेवून कामगाराला सांगत नाही. मग पैसे न मिळालेल्या ओव्हरटाइमबद्दल कामगार बोलत नाही, आठ माणसांच्या खोलीबद्दल बोलत नाही. शिवाय एजंटाला दिलेले लाख असतात. शेत गहाण पडलेलं असतं. म्हणजे उचल आहेच, फक्त ती वेगळ्या माणसाकडून घेतली आहे. आणि 'स्थानिकांच्या नोकऱ्या जातात' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की ज्याला जाता येत नाही तो गडी स्वस्तात पडतो, आणि स्वस्त गडी शेजारच्याचाही भाव पाडतो.

आखातात हे जगाने उघड पाहिलं. कफालत पद्धतीत मालकाची एनओसी नसेल तर दुसरीकडे जाता येत नसे. कतारने विश्वचषकाच्या तोंडावर, २०२०मध्ये, एनओसीची अट कायद्याने काढली. सौदीने मार्च २०२१पासून एक वर्ष पूर्ण झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय बदलाची वाट उघडली. कायदा आणि वहिवाट यांत अंतर राहतंच. पळून गेल्याची खोटी तक्रार ठोकून कामगाराला अडकवण्याची खोड एका दिवसात जात नाही. पण निदान अट काढावी लागली, म्हणजे ती गैर होती हे कबूल झालं.

आणि मालकच बुडाला तर? ब्रिटनमध्ये जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७०हून अधिक स्पॉन्सरांचे परवाने सरकारने रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले कामगार ३९ हजारांवर. गुन्हा मालकाचा, पत्र कामगाराला: नवा स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवस. मिठाला जागलेल्यांचंही हेच झालं, हे बाकावरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. ९ एप्रिल २०२५पासून इंग्लंडात केअरच्या मालकांना परदेशातून माणूस आणण्याआधी या अडकलेल्यांना विचारणं बंधनकारक केलं, तेही उशिराच. अमेरिकेतही मुदत ६० दिवसांचीच. याउलट ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून ती एका वेळी १८० दिवस, एकूण ३६५ दिवस अशी वाढवली, आणि त्या काळात दुसरीकडे काम करून पोट भरायची मुभाही दिली. ऑस्ट्रेलियाचं काही बुडालं नाही. मालकांनी स्पॉन्सर करणंही सोडलं नाही.

रेल्वेवाल्यांचा एक शब्द आहे: रिलीव्ह. बदलीची ऑर्डर येते, पण साहेब रिलीव्ह करत नाही. माणसं कमी आहेत, सीझन संपू दे, बदली माणूस येऊ दे. सहा महिने, वर्षसुद्धा. या बाकावरच्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट आहे आणि ती सांगताना आजही आवाज चढतो. मी त्यांना तेवढंच म्हणालो की तुमच्या पोराला रिलीव्ह करायचा अधिकार त्याच्या मालकाला नाहीच आहे, तो तुम्ही इथे बसून स्वतःकडे घेतलाय.

इंग्लंडातल्या केअर होममधल्या त्या मुलाचे वडील, आप्पा, थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग सांगू का त्याला, फेक राजीनामा म्हणून?"

"फेकू नका. आधी नव्या कंपनीचं सर्टिफिकेट हातात येऊ दे, अर्ज जाऊ दे, निकाल येऊ दे. नोटीस किती दिवसांची आहे ते करारात बघू दे. तुम्ही लाइन क्लिअर नसताना गाडी काढली होती का कधी?"

त्यांनी खिशातून फोन काढला आणि घड्याळ पाहिलं. साडेसहा. "तिकडे दुपारचे दोन वाजले असतील," ते म्हणाले. "आज डबल ड्युटी आहे त्याची. रात्री करतो."